अर्धा दुखवटा

ती मुलगी हसत होती, झालं एवढंच. मडगावच्या नगरपालिकेच्या बागेत, दोन मैत्रिणींच्या मधे बसून ती आईस्क्रीम खात होती आणि कसल्याशा गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती, आणि तिच्या अंगावर मी शिवलेला झगा होता. मी बाजारातून बटणं घेऊन परत निघाले होते, ऊन चुकवायला म्हणून बागेतून वाट धरली होती. झगा मी पाठीवरूनच ओळखला. राखी सुती कापड, मानेमागे बारीक चुण्या, आणि घेराच्या अगदी खाली दोन बोटं रुंद काळी पट्टी. राखीवर काळी पट्टी म्हणजे अर्धा दुखवटा. जवळचं माणूस गेलं की आमच्याकडे बायका आधी पुरं काळं घालतात, मग काही काळाने राखी, फिकट जांभळं, पांढऱ्यावर काळे ठिपके असल्या कपड्यांवर येतात. बोर्ड्याच्या माझ्या खोलीत मी शिवते ते हेच. त्यामुळे तिला हसताना बघून मला राग वगैरे आला नाही, उलट बरं वाटलं. म्हटलं, सावरतेय बिचारी. समाचाराला घरी जायचं राहून गेलं असेल तर माणूस भेटेल तिथे दोन शब्द बोलावेत, ही लहानपणापासूनची शिकवण. मी पुढे झाले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देव त्यांना शांती देवो, बाय. घरातलं कोण गेलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुठे गेलं?" म्हणाली. मी म्हटलं, कुठे काय, तुझं कोण वारलं ते विचारतेय. तिने कपात चमचा ठेवला, मैत्रिणींकडे पाहिलं, आणि जरा घाबरूनच म्हणाली, की कोणीच नाही, सगळे घरी आहेत. माझी नजर झग्यावरच आहे हे तिच्या शेजारच्या जाड भिंगांच्या मुलीच्या लक्षात आलं. तिने मला समजावून सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला सांगावं तसं. "आंटी, ही फॅशन आहे. बोर्ड्याला एक बाई शिवते, लिबानिया म्हणून. हा हिच्या ताईचा, आज हिने पळवून आणलाय. तुम्हाला हवा असेल तर पत्ता सांगते. फक्त तिकडे जाऊन हसायचं नाही हं, तिला आवडत नाही." मग तिने माझ्याच घराचा पत्ता मला सांगितला, चर्चवरून वर जायचं, पिठाच्या गिरणीपाशी डावीकडे. मी तो नीट ऐकून घेतला, आभार मानले आणि निघाले.

चढण चढताना एकेक गोष्ट पुढे येऊ लागली आणि मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. गेलं वर्षभर माझ्या खोलीत मुली येत होत्या. तरण्या, शिकलेल्या, केस कापलेल्या, कधी एकट्या, कधी दोघी. दारात चपला काढून हळू आवाजात विचारायच्या, राखी मिळेल का, पट्टीवाला. मी मान हलवायची आणि टेप हातात घ्यायची. माझ्या खोलीत कोण गेलं ते विचारायचं नाही, हा माझाच नियम. आलेलं माणूस आधीच दहा जणांना तेच सांगून दमलेलं असतं. माप घेताना माझी मान खाली असते, त्यांची वर असते, बोलणं होतच नाही. त्या गप्प असत म्हणून मी त्यांना दुःखी समजत होते, मी गप्प असे म्हणून त्या मला मोठी कलावंत समजत होत्या, आणि अशा त्या भल्या शांततेत माझा धंदा वाढत होता. इतकी माणसं मरतात तरी कशी, असं मला वाटायचं खरं. चर्चची घंटा वाजवणाऱ्या पास्कूला मी एकदा विचारलंसुद्धा, की यंदा गावात काही साथबीथ आहे का. तो म्हणाला, कुठली साथ, उलट या वर्षी मला दोर ओढायचं कामच नाही. तेव्हा मी म्हटलं, बाहेरगावच्या असतील. वर आणखी प्रत्येक झग्याचा घेर दुमडताना त्या घरच्या गेलेल्या माणसासाठी मी एक नमो मरिये म्हणत होते. न मेलेल्या माणसांसाठी मी किती प्रार्थना केल्या ते देवालाच माहीत. कुणाचं तरी आयुष्य त्याने वाढलं असेल, एवढीच आशा.

गिरणीपाशी आले तेव्हा मात्र लाजेच्या खालून दुसरंच काही वर येत होतं, आणि त्याला नाव द्यायला मला जरा वेळ लागला. त्या मुली माझ्याकडे गरज म्हणून आल्या नव्हत्या. मेलेल्या माणसासाठी कपडा लागतो तेव्हा बाई काप बघत नाही, बाही बघत नाही, लवकर द्या म्हणते. या मुलींना दुनियाभरचे रंग मोकळे होते, मडगावची सगळी दुकानं मोकळी होती, आणि त्या चढण चढून, चपला काढून, आवाज खाली करून माझ्या राखी कपड्यासाठी आल्या होत्या. तो कपडा त्यांना सुंदर वाटला होता. गिरणीच्या पायरीवर मी बटणांची पुडी हातात घेऊन उभी राहिले आणि मला इतका आनंद झाला की रडायलाच आलं. गिरणीवाला म्हणाला, दळण आणलंय का. मी नाही म्हटलं आणि घरी गेले.

घरी मांय होती. मांय म्हणजे माझी सासू, एर्मेलिन तिचं नाव, पण ते घेणारं आता कोणी उरलेलं नाही. ती पुढच्या खोलीत खिडकीशी बसून वाटाणे सोलत होती, काळ्या झग्यात, काळे मोजे घालून. आम्ही दोघीच राहतो. तिचा मुलगा आवितो माझा नवरा. तो बोटीवर होता, तेलाच्या बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. वर्षातले दहा महिने समुद्र आणि उरलेल्या दोन महिन्यांत घरभर त्याचं सामान, शिट्ट्या आणि मासे तळल्याचा वास. एका परक्या बंदरात रात्री झोपला तो उठलाच नाही. शवपेटी यायला इतके दिवस लागले की आम्हाला काळं शिवायला भरपूर वेळ मिळाला. मी यंत्रावर बसले होते आणि मांय शेजारी काजं करत होती, दोघींचे काळे झगे एकाच ठाणातून. आम्ही रडलो नाही त्या दिवसांत. एकमेकींना दोरा दिला, सुई ओवून दिली, दिवा जवळ ओढला. पेटी आली ती बंद. उघडू दिली नाही. मी अजून कधी कधी यंत्र चालवताना विचार करते, की त्याच्या अंगावर कुठला शर्ट असेल.

वर्ष उलटल्यावर मांयने माझ्या हातात राखी कापड ठेवलं. आमच्यात दुखवटा आपला आपण हलका करायचा नसतो. घरातल्या मोठ्या माणसाने कापड द्यायचं असतं. आधी अर्ध्या दुखवट्याचं, आणि पुढे वेळ झाली की रंगाचं. ते रंगाचं कापड शिवून एका रविवारी मिस्साला जायचं, की झालं. कोणी काही बोलत नाही, फक्त चर्चमधल्या बायका जरा जास्त वेळ बघतात आणि मग आपलं पुस्तक उघडतात. माझी आई मी कुमारी असतानाच गेली होती, तेव्हा मला देणारं माणूस एकच. ते राखी कापड घेऊन मी कापायला बसले तर अपुरं. मांय ठेंगणी, मी चांगली ताडमाड. तिने दुकानात स्वतःच्या उंचीने मोजून आणलं होतं. परत काय सांगायचं तिला, म्हणून मी माझ्या काळ्या झग्याचा घेर उसवला, त्यातली दोन बोटं रुंद पट्टी काढली आणि राखीच्या खाली लावली. घालून आरशात बघितलं आणि थोडी चमकलेच. तो दुखवटा होता आणि तो नुसता दुखवटा नव्हता. चालताना पट्टी पायाशी हलायची आणि वरचं राखी त्याने उजळ दिसायचं. नवरा गेल्याला वर्ष झालेल्या बाईने आरशात इतका वेळ बघू नये, असं वाटून मी बाजूला झाले, पण बघितलं होतं ते बघितलंच होतं.

पुढच्या वर्षदिनाची मी वाट बघितली. मिस्सा झाली, कबरीवर फुलं ठेवली, घरी येऊन पेज आणि मासळीचं सुकं जेवलो. मांयने ताट उचललं, आतल्या खोलीत गेली, तिच्या कपड्यांच्या पेटीचं झाकण वाजलं. मी ओल्या हातांनी मोरीपाशी उभी राहिले. झाकण पुन्हा वाजलं आणि ती रिकाम्या हाताने बाहेर आली, म्हणाली की मीठ संपत आलंय. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग मी वाट बघायचं सोडलं, निदान तसं स्वतःला सांगितलं. मागता आलं असतं. पण मागून घेतलेला रंग अंगावर घालायचा आणि रविवारी चर्चमध्ये मिरवायचा, हे मला जमणारं नव्हतं. मला हट्टी म्हणतात ते उगाच नाही. तर मी राखीतच राहिले. आणि घरात रोज दुधीच येत असला तर बाई दुधीचे जितके प्रकार करून बघेल तितके मी राखीचे केले. पावसाळ्यात चिखल झालेल्या राखीपासून पहाटेच्या राखीपर्यंत. जांभळं इतकं फिकट की सावलीतच दिसावं. ठिपके कुठे दाट करायचे, कुठे विरळ, पट्टी कुठे पायाशी, कुठे मनगटाशी, कुठे फक्त खिशाच्या तोंडाशी. लाल, हिरवं, पिवळं हातात असतं तर यातलं काही मी शिकले नसते. दुखवट्याचे झगे शिवायला माझ्याकडे बायका येत होत्या, त्यांना हे मिळू लागलं. त्यातली एक कॉलेजात शिकवणारी होती, वडील गेलेली. ती वर्गात माझ्या झग्यात उभी राहिली, मुलींनी तिचे फोटो काढले, आणि फोटोंना तर मरण-जगणं काही कळत नाही. ते एकीच्या मोबाइलवरून दुसरीच्या मोबाइलवर गेले. हे सगळं मला पुढे त्या जाड भिंगांच्या मुलीने सांगितलं, कारण ती खरंच माझ्याकडे आली, मला दारात बघून पांढरीफटक पडली, आणि मग मी पहिल्यांदा माझ्या खोलीत हसले.

यानंतर महिनाभरात पणजीहून जिझेल मिनेझिस आली. तिचं तिकडे मोठं दुकान, पाहुणेमंडळी विमानातून उतरून तिच्याकडे जातात म्हणे. चपला तिने काढल्या नाहीत. प्रत्येक झगा आतून उलटून बघितला, शिवण ओढून बघितली, आणि हे तिला समजतं हे मला समजलं. तिचं म्हणणं सरळ होतं. सगळा माल ती घेईल, वर्षभर घेईल, मला मदतनीस ठेवता येतील, खोली सोडून चांगली जागा घेता येईल. फक्त पट्टी काढायची आणि दुखवटा हा शब्द कुठे उच्चारायचा नाही. पावसाळी राखी असं नाव तिने ठरवूनसुद्धा आणलं होतं, आणि आत तिच्या दुकानाचा शिक्का.

"लोक घाबरतात हो मरणाला," ती म्हणाली. "कशाला सांगायचं?"

"घाबरत नाहीत," मी म्हटलं. "आईस्क्रीम खातात."

तिला ते कळलं नाही, मी समजावलंही नाही. ती गोडीने बोलत होती आणि मी खाली ठेवलेल्या झग्याची पट्टी बोटांत धरून बसले होते. तिचं चुकत नव्हतं. धंदा म्हणून बघितलं तर तिचंच बरोबर होतं. पण पट्टी काढली की उरतो तो एक राखी झगा, कुणीही शिवावा असा. त्या पट्टीत मांयने चुकीच्या उंचीने आणलेलं कापड होतं, माझा उसवलेला काळा घेर होता, आणि बंद पेटीतला, मला न दिसलेला शर्टही होता. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं आयुष्यात, हेच होतं, आणि ते मी कापून टाकणार नव्हते. मी तिला कोकमाचं सरबत दिलं आणि नाही म्हटलं. ती जाताना म्हणाली, की विचार बदलला तर कळवा. मी म्हटलं, बदलणार नाही. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहिले, आणि मन अगदी निवांत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फादरांकडे गेले आणि चर्चचा हॉल मागितला, एका शनिवारच्या दुपारसाठी. माझे कपडे, माझं नाव, दार उघडं.

मांयला मी सांगायच्या आधीच पास्कूने सांगितलं. जेवताना ती म्हणाली, "माझ्या मुलाचा दुखवटा तू खुंटीवर टांगून लोकांना दाखवणार."

मी म्हटलं, दाखवणार. लपवण्यासारखं त्यात काय आहे, ते मला सांग. तिने भातात हात तसाच ठेवला. आमच्या घरात आवाज चढत नाहीत, तिचाही चढला नाही. पोरी तो घालून नाचतात, फोटो काढतात, हे तिला कळलं होतं. तू त्याला विकतेस, असं म्हणाली. मी म्हटलं, मी शिवण विकते. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॉल घेतलास तर माझ्या हातून रंग मिळेल ही आशा सोड."

मी उठून हात धुतले. म्हणजे इतकी वर्षं तिला माहीत होतं. मोरीपाशी ओल्या हातांनी मी उभी राहायची, ते तिला माहीत होतं; झाकण वाजल्यावर माझा श्वास थांबायचा तोही. मला वाटत होतं ती विसरली, तिच्या दुःखात माझं भान तिला राहिलं नाही, आणि तेवढ्यावर मी तिला माफ करून टाकलं होतं. आता ते माफ करणं फुकट गेलं. त्या दुपारी मी बाजारात जाऊन स्वतःसाठी पिवळं कापड घेऊन आले, चांगलं झेंडूसारखं पिवळं. टेबलावर पसरलं, खडूने आखलं, कात्री घेतली, आणि कापलं नाही. भीतीने नाही. मला दिसलं की मी ते तिला दाखवायला घालणार होते, आणि दाखवायला घातलेला कपडा कधी नीट बसत नाही. घडी करून ठेवून दिलं. मग राखीच कापड घेतलं आणि शनिवारसाठी माझा स्वतःचा झगा बेतला, आजवरच्या सगळ्यांत चांगला, पट्टी मनगटांना आणि घेराला, बाहीच्या मुंढ्यात एक सुरकुती नाही असा. त्या आठवड्यात मांय आतल्या खोलीत एकटी जेवली. मी तिचं ताट दाराशी ठेवत होते आणि रिकामं उचलत होते. हॉलचं नक्की झालं होतं आणि मी मागे हटणार नव्हते, पण घास मला उतरत नव्हता.

शनिवारी मी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या आणि झगे टांगले. दाराशी फळा ठेवला, रविवारच्या शाळेतला, आणि त्यावर खडूने लिहिलं: हे अर्ध्या दुखवट्याचे कपडे आहेत. ज्यांचं कोणी गेलेलं नाही त्यांनीही घालावेत. फादरांनी ते वाचलं, डोकं खाजवलं, पण पुसा म्हणाले नाहीत. दुपार कलली तशा मुली आल्या, मग आणखी मुली, मग त्यांच्या आया, आणि पणजीहून, म्हापशाहून आलेल्या अनोळखी बायका. सगळ्या आपल्या गप्प. बागेतली ती हसरी मुलगीसुद्धा ताईबरोबर आली होती आणि ओठ मिटून फिरत होती. शेवटी मला राहवेना, मी मोठ्याने सांगितलं की इथे हसायला बंदी नाही, तुम्ही दुःखात आहात ही माझीच चुकीची समजूत होती. मग हॉल भरून आवाज झाला. कोणी आपल्या आजीची गोष्ट सांगत होती, जिने मरेपर्यंत काळं सोडलं नाही. कोणी बाहीत हात घालून बघत होती. एका बाईने पट्टीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, मला ही रुंद करून मिळेल का, माझं जरा जास्त जवळचं माणूस होतं. मी म्हटलं, मिळेल. दोऱ्या रिकाम्या होत चालल्या. हे मला कधी स्वप्नातही मागायला सुचलं नसतं, आणि तरी माझी नजर दाराकडे जात होती.

मांय आली तेव्हा उन्हं आत आली होती. काळ्या झग्यात, हातात कापडी पिशवी. फळ्यापाशी ती बराच वेळ थांबली, ओठ हलवत वाचलं. तिचा झगा मी दर वर्षी शिवते, पण जुना समोर ठेवून त्यावरून कापते. दारातल्या उजेडात मला दिसलं की तो तिच्या अंगावर किती ढगळ लोंबतोय. बागेतली मुलगी तिच्या वाटेत होती. ती झग्याकडे बघून अगदी मनापासून म्हणाली, "आंटी, हा काळा कुठून घेतला? काय सुंदर पडतो."

मांय म्हणाली, "माझा मुलगा गेला त्याचा आहे हा."

मुलगी लाल झाली. तिथून निघून जाईल असं मला वाटलं, पण ती गेली नाही. तिने विचारलं, त्याचं नाव काय होतं. किती वर्षांत मांयला ते कोणी विचारलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत, घरात आम्ही दोघी ते घेत नाही. "आवितो," मांय म्हणाली, आणि थोडं थांबून, जणू कमी पडलं म्हणून, "आवितो फुर्तादो. शिट्टी फार चांगली वाजवायचा." मग ती दोऱ्यांच्या खालून वाकून माझ्यापाशी आली.

म्हणाली, पास्कू सांगून गेला की तू दारावर दुखवटा असं स्पष्ट लिहिलंयस. तिला वाटलं होतं मी लपवीन, नुसते छान छान कपडे म्हणून विकीन. तिने पिशवीतून कापड काढलं आणि टेबलावर ठेवलं. हिरव्यावर बारीक पांढरी फुलं. डांबराच्या गोळ्यांचा वास इतका आला की शेजारच्या बाईने मागे वळून बघितलं.

"तेव्हाच घेतलं होतं, दुसऱ्या वर्षी," ती म्हणाली. "पेटी उघडायचे आणि हात व्हायचा नाही. म्हटलं, दिलं की तू जाशील. तरणी होतीस. मग मी कोणाबरोबर काळं घालून बसू?"

मला राग आला. आला तो खरा आला, माझी इतकी वर्षं त्या पेटीत घडी करून ठेवली होती. तो मी गिळला नाही. तिला सांगितलं, की मांय, मी जाणार नव्हते, आणि तू मला एकदा विचारायला हवं होतंस. ती हो म्हणाली. नुसतं हो, आणि मान खाली. मी ते कापड उलगडून खांद्यापासून अंगावर धरलं. ते माझ्या पोटरीपर्यंतही आलं नाही. पुन्हा तेच, दुकानात उभी राहून तिने पुन्हा स्वतःच्याच उंचीने मोजलं होतं. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता जे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते सुचलं. मला रंग देणारं एक माणूस तरी होतं. तिला कोण होतं? तिची सासू गेली, आईबाप गेले, भाऊ गेले, थोरली बहीण मोझांबिकात वारली. तिचा दुखवटा हलका करायला या पृथ्वीवर तिच्यापेक्षा मोठं कोणी उरलंच नव्हतं, आणि ती रीत पाळणारी बाई. ती काळ्यात बसली होती कारण तिच्या हातात कापड ठेवणारं कोणी नव्हतं.

"हे मला पुरत नाही," मी म्हटलं. "तुला पुरेल." आणि घडी करून तिच्या हातात ठेवलं.

ती कापडाकडे बघत राहिली. म्हणाली, मोठ्या माणसाने द्यायचं असतं. मी म्हटलं, मोठं कोणी आहे का? तिने खरंच विचार केला, मनात एकेक घर फिरून आली, मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "नाही," म्हणाली. मग मी गळ्यातली टेप काढली आणि म्हटलं, मग सरळ उभी राहा. तिने मला विचारलं, की आणि तू. मी सांगितलं, मी राखीच घालणार, तो आता माझा रंग आहे, कोणी दिला म्हणून नाही. तिने कापड टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात बाजूंना उचलले, लहान मुलाला कपडे घालताना ते उचलतं तसे. सगळा हॉल बघत होता आणि तिला त्याचं काही नव्हतं. मी तिच्याभोवती टेप घेतली. पहिल्यांदाच घेत होते, आणि टेपचं टोक माझ्या अंदाजाच्या कितीतरी पुढे येऊन भेटलं, इतकी ती काळ्याच्या आत वाळून गेली होती. छाती, कंबर, बाही. घेराची उंची मोजायला मी खाली गुडघ्यावर बसले.

"खाली पट्टी लाव," वरून मांय म्हणाली. "काळी. दोन बोटं."

"कापड पुरतंय, मांय. पट्टीची गरज नाही."

"गरज नसू दे," ती म्हणाली. "तू लाव."